बोटभर समुद्र

मित्रांनो, मी एक लाकडी नकाशा आहे. वयाने जुना, अंगाने दणकट आणि सध्या भयंकर चिडलेला. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, मधूनमधून उसासे टाकावेत आणि शेवटी सर्वांना क्षमा करून टाकावी, अशी रीत आहे. माझ्याच्याने ते व्हायचे नाही. ऐकायचे असेल तर माझ्या रागासकट ऐका.

मी भिंतीवर लटकत नाही. एका बुटक्या टेबलावर आडवा पडलेला असतो, कारण माझ्या शाळेतली मुले डोळ्यांनी पाहत नाहीत, हातांनी पाहतात. ही अंध मुलांची शाळा आहे. येथे जिन्याच्या कठड्यावर मजल्याचे आकडे खिळ्यांच्या डोक्यांनी ठोकलेले आहेत, आणि दारांच्या मुठींना वेगवेगळ्या जातीच्या दोऱ्या गुंडाळलेल्या आहेत, म्हणजे कुठले दार स्वयंपाकघराचे आणि कुठले वाचनालयाचे ते हाताला कळावे. येथे वस्तू खोटे बोलत नाहीत. बोलून चालतच नाही. दोरी बदलली तर एखादे पोर कोळशाच्या खोलीत जाऊन उभे राहायचे.

मला घडवले तेव्हा शाळा नवी होती आणि भूगोलाच्या बाईही नव्या होत्या. पुस्तकातला नकाशा गुळगुळीत कागदावर छापलेला. हात फिरवला तर आशिया खंड आणि कालचे वर्तमानपत्र यांत काडीचा फरक कळत नव्हता. म्हणून बाई शाळेची बाके दुरुस्त करणाऱ्या सुतारमामांकडे गेल्या. मामांनी जाड फळी काढली, चौकोन आखून पुस्तकातले जग तिच्यावर उतरवले आणि कानावरची पेन्सिल काढून विचारले, "बाई, करवत कुठून कुठून फिरवू?"

"पाण्यावरून," बाई म्हणाल्या. "जिथं पाणी, तिथं करवत. जमीन सलग असेल तिथं हात लावायचा नाही. मुलांना मी एकच नियम सांगणार आहे. बोट खाली गेलं की पाणी, बोट वर राहिलं की जमीन."

मामांनी तसेच केले. खालच्या पाटाला इतके पॉलिश दिले की बोट ठेवताच घसरावे. तो समुद्र. वरचे तुकडे मुद्दाम खरखरीत ठेवले. ती जमीन. प्रत्येक तुकडा उचलता येई, छातीशी धरता येई. छोटी बेटे हरवतील म्हणून ती पाटालाच चिकटवून टाकली. मग मोठे तुकडे किती निघाले? चार. एक तुकडा आशिया, युरोप आणि आफ्रिका मिळून, कारण त्यांची जमीन कुठेच पूर्ण तुटत नाही. एक तुकडा दोन्ही अमेरिका मिळून. एक ऑस्ट्रेलिया आणि एक खाली पसरलेला अंटार्क्टिका. मध्ये माणसाने खणलेले दोन कालवे येतात, हे मामांना ठाऊक होते. पण बाई म्हणाल्या, चर खणला म्हणून जमीन तुटत नाही. पटण्यासारखे होते.

पहिल्या मुलांनी मला कुरवाळून कुरवाळून गुळगुळीत केले. मामांना दरवर्षी येऊन माझी जमीन पुन्हा खरखरीत करावी लागे. मुलांनी एक खेळही काढला होता. एकाने बोट चालवत न्यायचे, दुसऱ्याने वाट सांगायची, आणि बोट पाण्यात पडले की सगळ्यांनी मिळून ओरडायचे, "बुडाला!" एक पोर तर तुकडा उलटा धरला तरी आफ्रिका तिच्या टोकावरून ओळखत असे. मी तेव्हा खरोखर सुखात होतो. ही शाळा माझ्यावाचून भूगोल शिकू शकत नव्हती, आणि मी कुणालाही फसवत नव्हतो.

मग तपासणीचे पत्र आले आणि ते मोठ्या सरांच्या हातात पडले.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण वरून कुणी येणार म्हटले की त्यांची पावले जमिनीवर ठरत नाहीत. ते माझ्याजवळ आले, त्यांनी तुकडे मोजले, पुन्हा मोजले आणि किंचाळलेच. "बाई, हे चार आहेत!"

"हो सर. चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा मोठा सलग भाग म्हणजे खंड. पुस्तकातच आहे."

"पुस्तकात त्याच्या खालच्या ओळीत सात आहेत! नावं दिलीत!"

"मग वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींशी बोलत नसणार," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यात धमक होती.

सरांना विनोद झेपला नाही. त्यांनी सुतारमामांना बोलावले. मामा बिचारे करवत घेऊन आले आणि मोजमापाचे विचारू लागले. सुताराला मोजमाप लागतेच, त्याशिवाय त्याचे घोडे पुढे सरकत नाही.

"सर, हे ग्रीनलंड मी बेट म्हणून चिकटवलंय. हा ऑस्ट्रेलिया खंड म्हणून सुटा ठेवलाय. म्हणजे किती मोठं झालं की खंड धरायचं?"

"ऑस्ट्रेलियाएवढं."

"आणि ऑस्ट्रेलियापेक्षा लहान?"

"बेट."

"हे माप कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? तसं ठरलंय!"

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. तसे ठरले आहे. कुणी, कधी, कशासाठी, यातले काही विचारायचे नाही. माझ्या अंगावर करवत फिरली ती या वाक्याच्या जोरावर.

आफ्रिका कापली तेव्हा मी फार चिडलो नाही. मान बारीक होती. दोन अमेरिका वेगळ्या केल्या, तिथेही बारीकच मान होती. पण युरोप? तिथे मान नाही, कंबर नाही, रुंद सलग पाठ आहे. बाईंनी दोन पुस्तके उघडली. दोन्हींत उरल पर्वत आणि उरल नदी होती, पण कॅस्पियन समुद्राच्या पलीकडे एका पुस्तकाची रेघ कॉकेशसच्या माथ्यावरून जात होती आणि दुसऱ्याची त्याच्या उत्तरेकडून. ज्या रेघेवर दोन पुस्तकांचे जमत नाही, ती रेघ माझ्या पाठीत ओढणार होते!

"यातली कुठली घेऊ?" मामांनी विचारले.

"मधून घ्या," सर म्हणाले, आणि घड्याळ बघत निघून गेले.

मामांनी मधून घेतली. मला चिरले. आणि चिरून झाल्यावर त्यांनी जे केले ते मायेने केले, म्हणून तर अधिकच संताप येतो. या शाळेत लाकडाची एकही कड धारदार ठेवत नाहीत. मुलांच्या बोटात कुसळ जाते. म्हणून मामांनी कापलेल्या दोन्ही कडा कानशीने घासल्या, काचपेपर फिरवून गोल केल्या. करवतीची फट आधी दोऱ्याएवढी होती. कडा गोल केल्यावर ती बोटभर झाली. तुकडे जागेवर बसवले की युरोप आणि आशिया यांच्यामध्ये उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एक खाच. बोट ठेवले की खाली जाणारी. तळाशी गुळगुळीत पॉलिश.

डोळस माणसांना ती रेघ दिसली. कागदावर असते तशी रेघ. तपासणीचे साहेब आले, त्यांनी उभ्या उभ्या तुकडे मोजले, सात भरले, मान डोलावली आणि गेले. माझ्यावर त्यांनी हात ठेवलासुद्धा नाही.

टिचकी शाळेत आली ती त्यानंतर. तिचे खरे नाव हजेरीपटात असेल, पण प्रत्येक गोष्टीवर टिचकी मारून आवाज ऐकायची सवय, म्हणून टिचकीच. भिंत, ताट, मोठ्या सरांचे टक्कल, काही सोडले नाही. वडील नव्हते. आई दूर कुठे शिवणकाम करायची आणि सुट्टीत न्यायला यायची. टिचकी जन्मापासून अंध. तिने रेघ कधी पाहिलेली नाही. रेघ म्हणजे काय हे तिला माहीतच असायचे कारण नाही. तिला नियम माहीत होता, आणि तो ती माझ्यावर हात ठेवूनच शिकली होती.

तिच्याइतके मला कुणी वाचले नाही. दुपारी बाकीची मुले पटांगणात धुडगूस घालत, ही माझ्यापाशी. एकेक तुकडा उचलायची, हुंगायची, टिचकी मारायची. "आशियाचा आवाज जाड आहे," असे म्हणायची. मोठेपणी भूगोलाची बाई होणार, हे तिने कधीच ठरवून टाकले होते.

एकदा दूर देशाच्या एक पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी दोन्ही अमेरिका जुळवून एकदम उचलल्या आणि बाईंमार्फत सांगितले की आमच्या शाळेत हा एकच खंड शिकवतात, म्हणून आमचे सहा. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ म्हणाले, काही ठिकाणी युरोप आणि आशिया एक धरून सहा करतात, आणि काही जण वस्ती नाही म्हणून अंटार्क्टिका मोजतच नाहीत, त्यांचे पाच. मुलांना गंमत वाटली. टिचकीने लगेच विचारले, "मग नक्की किती?" बाई तोंड उघडणार, तोच मोठे सर म्हणाले, "सात! पाहुण्यांचं सोडा. परीक्षेत सात." बाईंनी तोंड मिटले.

त्या दिवशी बाई बोलल्या असत्या तर मी आज इतका चिडलो नसतो. एवढेच सांगायचे होते की बाळांनो, मोजणी माणसाची आहे, जमीन जिथल्या तिथे आहे, आणि ही खाच म्हणजे पाणी नव्हे. पण बाई थकल्या होत्या. हल्ली त्या टेबलापाशी वह्या तपासत बसत आणि मुलांकडून सात नावे एका दमात म्हणवून घेत. मुलांची बोटे युरोपातून आशियात जाताना खाचेत पडत, मुले "बुडाला!" म्हणून ओरडत, आणि बाईंना वाटे, पोरे खेळताहेत. मी रोज ऐकत होतो. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे. त्यांनाही होते.

टिचकी मोठी झाली. शाळेत पहिली आली. शिक्षिका होण्यासाठी अध्यापक विद्यालयात प्रवेशाच्या मुलाखतीला गेली. जागा थोड्या होत्या. निवड झाली नाही तर तिच्या सख्ख्या मामाच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या, असे घरी ठरले होते. मामाने तिच्यासाठी स्टूलही रिकामे करून ठेवले होते. म्हणजे सगळे त्या एका मुलाखतीवर होते. आई नवे कपडे शिवून घेऊन आली. बाईंनी पाठीवर थोपटले. संध्याकाळी टिचकी परत आली, ती कुणाशी न बोलता थेट माझ्या खोलीत. हात टेकवून तिने खाच शोधली आणि तिच्यावर असा तळवा आपटला की टेबलाचे पाय हलले.

बाई धावत आल्या. "काय झालं गं?"

"बाई, बोट द्या."

"अगं पण..."

"द्या बोट!" तिने बाईंचे बोट धरून खाचेत घातले. "हे काय आहे?"

"ती रेघ आहे, बाळ. युरोप आणि आशियाची हद्द."

"रेघ? रेघ मला कुठून दिसणार? बोट खाली गेलं की पाणी. कुणी शिकवलं मला? तुम्ही!"

मग तिने सांगितले. मुलाखतीत विचारले, युरोप आणि आशिया यांच्यामध्ये काय आहे? ती ताडकन म्हणाली, समुद्र. पुन्हा विचारले, नीट आठवून सांग. ती म्हणाली, अरुंद समुद्र आहे, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, बोटीने जावे लागते. मुलाखत घेणारे तिघेही हसले. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तू भूगोल शिकवणार? तुमच्यासाठी संगीत बरं असतं, नाही का?"

"तुमच्यासाठी!" टिचकी म्हणाली. "बाई, मी गाणं म्हटलं की कुत्री भुंकतात, तुम्हाला माहीत आहे. डोळे नाहीत म्हणून मी गायचं?"

मोठे सर दारात उभे होते. "पण पोरी, डोंगर आहे हे पुस्तकात..."

"ते पुस्तक ब्रेलमध्ये आहे का सर?"

नव्हते.

बाई खाली बसल्या. "मी तुला शिकवलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "पाठ करून घेतलं." आणि मग, इतक्या वर्षांनी, त्या पुन्हा चिडलेल्या मी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा युरोप आणि माझा आशिया कापडी पिशवीत भरले, टिचकीचा हात धरला आणि विद्यालय गाठले. म्हणून पुढचे मी ऐकीव सांगत नाही. माझे अर्धे अंग तिथे होते.

आम्हाला बाकावर बसवून ठेवले. शिपाई सांगत राहिला, विद्यालयाचे प्रमुख साहेब कामात आहेत. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा साहेब बाहेर आले. बाईंनी दोन्ही तुकडे मांडीवर जुळवून धरले आणि सगळे सांगितले. साहेबांनी डोळे मिटले, बोट फिरवले. बोट खाचेत पडले.

"अरे वा! खरंच की!" ते म्हणाले आणि हसले. रागाने नव्हे, कुत्सितपणे नव्हे. मनापासून हसले. "काय गंमत आहे नाही! मी घरी सांगणार आहे हे."

"मग साहेब, हिचं..."

"अहो, यादी लागली ना काल संध्याकाळीच. आता काय करणार? हुशार आहे मुलगी. पुढच्या वर्षी ये हं, बाळ."

त्यांनी टिचकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिची बोटे माझ्या कडेवर इतकी घट्ट आवळली होती की मला वाटले आता लाकूड चिरणार. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येते, मित्रांनो. ज्याला सगळे कळले आहे, पटले आहे आणि तरीही ज्याला गंमत वाटते, त्याचे काय करायचे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली.

मामाच्या दुकानात जायच्या आधी टिचकीने सुतारमामांना बोलावून घेतले. मामा आता वाकले आहेत. तिने सांगितले, खाच भरा. लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा करून भरा, आणि वर उरलच्या जागी खडबडीत उंचवटा ठेवा, डोंगराचा. आफ्रिकेची आणि अमेरिकेची मानही सांधा.

मोठे सर कळवळले. "अगं, पण मग तपासणीला सात कसे दाखवू?"

"तोंडानं सांगा," टिचकी म्हणाली. "मुलांनाही तोंडानं सांगा. आपल्या पुस्तकात सात, कुणाकडे सहा, कुणाकडे पाच. कोण मोजतंय त्यावर आहे, असं सांगा. परीक्षेत सात लिहा म्हणावं. पण बोटाला खोटं सांगायचं नाही."

मामांनी लगदा कालवायला घेतला तेव्हा भांडे सरांनीच धरले होते. बाई आता वह्या घरी तपासतात आणि तासाला माझ्यापाशी उभ्या राहतात. मुलांची बोटे कुठे पडतात ते पाहतात. हे सर्व चांगलेच झाले. तरी माझा राग गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, खंड सात म्हणा, सहा म्हणा, पाच म्हणा, तुमच्या सोयीने म्हणा. जगाला त्याने ओरखडाही उठत नाही. पण आपल्या सोयीची रेघ ओढताना तिच्यावर कुणाचे बोट फिरणार आहे, ते आधी बघा. त्याला समजावून सांगा. सांगायला वेळ नसेल, तर करवत खाली ठेवा.

टिचकी सध्या मामाच्या दुकानात पुड्या बांधते. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखतीला जाईल, आणि तिची निवड होईल असे बाई म्हणतात. होईलही. माझी फट भुशाने भरली. तिचे हे वर्ष कशाने भरायचे, ते मला कुणीतरी सांगा.